टायनी बेल ट्रिओ
टायनी बेल ट्रिओ हे १९९०च्या दशकात न्यू यॉर्क येथे उदयास आलेले तीन वादकांचे जॅझ वाद्यपथक होय. ट्रम्पेटवादक डेव्ह डग्लस (जन्म १९६३) हे त्याचे प्रमुख व बऱ्याचशा रचनांचे कर्ते असून गिटारवर ब्रॅड शेपिक आणि ड्रम्सवर जिम ब्लॅक हे त्यांचे सहकारी होते. मॅनहॅटनमधील ‘बेल कॅफे’ या उपाहारगृहात हे तिघे नियमित वाजवीत; पथकाचे नाव त्यावरूनच पडले. आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर शेपिक यांचे आडनाव जुन्या, जर्मन वळणाच्या वर्तनीने छापलेले आहे. वादक मात्र एकच.

या पथकात डबल बास नाही. जॅझमध्ये स्वराचा पाया आणि लयीचा कणा ही दोन्ही कामे बहुधा बासवादक सांभाळतो. तो नसल्याने खर्जाची बाजू गिटारला उचलून धरावी लागते, ड्रम्सवादकाला केवळ ठेका धरून भागत नाही, आणि ट्रम्पेटला विसाव्याची जागा फारशी उरत नाही. एकाने उपज करावी व इतरांनी साथ द्यावी, ही वाटणी येथे जवळजवळ मोडून पडते.

पथकाचे बाल्कन लोकसंगीताशी असलेले नाते मुख्यत्वे लयीचे आहे. बल्गेरिया व मॅसिडोनिया येथील नृत्यांमध्ये ठोके समान अंतरावर पडत नाहीत. दोन आणि तीन मात्रांचे गट मिसळून आवर्तन तयार होते. मॅसिडोनियातील ‘लेस्नोतो’ची विभागणी ३+२+२, बल्गेरियातील ‘राचेनित्सा’ची २+२+३, तर ‘कोपानित्सा’ अकरा मात्रांची, २+२+३+२+२ अशी. रूपक तालाच्या श्रोत्यास लेस्नोतोचा हिशेब परका वाटू नये. मात्र राचेनित्साची गती एवढी द्रुत असते की मात्रा मोजणे शक्य होत नाही. जाणवतात ते केवळ ऱ्हस्व आणि दीर्घ ठोके. आपल्या वृत्तांत लघु-गुरूंचे प्रमाण एकास दोन असते, येथे ते दोनास तीन. या निसटत्या फरकामुळेच लय लंगडत चालल्याचा भास होतो. अशा लयींना संगीतशास्त्रात ‘अक्साक’ म्हणतात. हा तुर्की शब्द असून त्याचा अर्थच ‘लंगडा’ असा आहे.

अशा आवर्तनात उत्स्फूर्त वादन करणे हे पथकाचे खरे आव्हान होते. पारंपरिक धुनांचे हुबेहूब अनुकरण त्यांनी केले नाही. त्यामुळे अस्सल लोकसंगीताच्या अपेक्षेने ऐकणाऱ्याची निराशा होणे संभवते. पण जिम ब्लॅक आवर्तनाची चौकट विस्कटतात आणि तरीही समेवर तिघे एकत्र येतात, तेव्हा ही लय त्यांच्या अंगवळणी पडली आहे याविषयी शंका उरत नाही.

‘द टायनी बेल ट्रिओ’ (१९९४), ‘कॉन्स्टेलेशन्स’ (१९९५), ‘लाइव्ह इन युरोप’ (१९९७) व ‘साँग्ज फॉर वाँडरिंग सोल्स’ (१९९९) हे पथकाचे चार ध्वनिसंग्रह आहेत. त्यांपैकी ‘कॉन्स्टेलेशन्स’मध्ये डग्लस यांच्या रचनांबरोबर जर्मन संगीतकार रोबेर्ट शूमान, फ्रेंच गीतकार-गायक जॉर्ज ब्रासाँ आणि अमेरिकी जॅझ पियानोवादक हर्बी निकोल्स यांच्याही रचना आहेत. पथकावर निव्वळ ‘बाल्कन जॅझ’ अशी चिठ्ठी डकविणे म्हणूनच अपुरे ठरते.

शेपिक व ब्लॅक यांनी सॅक्सोफोन व क्लॅरिनेटवादक ख्रिस स्पीड आणि बासवादक स्कूली स्वेरिसन यांच्यासह ‘पचोरा’ (जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्याशी गल्लत करू नये) या पथकातही बाल्कन लयींचा शोध चालू ठेवला.