कोरड्या डोळ्यांचे पाणी

डोळ्यांतून सतत पाणी गळते, ही तक्रार घेऊन गेल्या हिवाळ्यात एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. वय 72, राहणे जुन्या पनवेलात, सोबत सूनबाई. दुपारी पोथी उघडली की पाच मिनिटांत अक्षरे पुसट होत, डोळे चुरचुरत आणि पदराने टिपून टिपून पापण्यांच्या कडा लाल झालेल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झालेली होती, चष्म्याचा नंबरही बरोबर होता. आजींचे डोळे कोरडे पडले आहेत, असे मी सांगितले तेव्हा सूनबाईंना ते पटले नाही. "अहो डॉक्टर, पाणी थांबत नाही आणि तुम्ही कोरडे म्हणता?"

वाचकहो, हा प्रश्न रास्त आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. तळाशी चिकट श्लेष्मा, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाची साय, अशी त्याची ढोबळ रचना. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून झिरपते. मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वय वाढते तसे त्यांतील तेल घट्ट होत जाते, थंडीत बाटलीत गोठलेल्या खोबरेलासारखे. तेलाची साय नसली की खालचे पाणी भराभर उडून जाते आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा उघडा पडतो. तो चुरचुरला की मेंदू मोठ्या अश्रुग्रंथीला पाणी सोडण्याचा हुकूम देतो. हे पाणी एकदम लोटते, तेलाअभावी डोळ्यावर टिकत नाही आणि गालावरून ओघळते. रुग्णाला पाणी दिसते, कोरडेपणा दिसत नाही.

आजींच्या पिशवीत तीन प्रकारच्या कॅप्सुला होत्या: माशाच्या तेलाच्या, 'डोळ्यांच्या जीवनसत्त्वांच्या' आणि तिसऱ्या हार्मोनचा समतोल राखतो म्हणून कोणी नातेवाइकाने आणून दिलेल्या. सूनबाई महिन्याच्या घरखर्चातून त्यांचे पैसे बाजूला काढत होत्या. त्या पिशवीच्या तळाशी मला खाजेवरच्या सेटिरिझिनची पट्टी सापडली. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. अंगाला खाज येते म्हणून दोन वर्षांपूर्वी मी दहा दिवसांसाठी ती गोळी लिहिली होती. तिने झोप छान लागते म्हणून आजींनी ती चालूच ठेवली आणि मधल्या चार-पाच भेटींत "आणखी काही घेता का?" हे मी विचारले नाही. या जातीच्या गोळ्या सर्दीत नाक सुकवतात, तसेच तोंड आणि डोळेही सुकवतात. म्हणजे डोळे कोरडे करणारी गोळी डॉक्टरांनी दिली आणि त्यावर उपाय म्हणून घरच्यांनी कॅप्सुला विकत घेतल्या.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की डोळ्यांसाठी नवे काही आणण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठांच्या साऱ्या औषधांची पिशवी, मलमे आणि थेंबांसकट, आपल्या डॉक्टरांपुढे ओता. सर्दी-खाजेच्या गोळ्या, मज्जातंतूंच्या वेदनेसाठी किंवा झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीला होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, यांपैकी कोणतीही डोळ्यांचा ओलावा कमी करू शकते. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षे घालावे लागतात. त्यांतल्या टिकाऊपणासाठी मिसळलेल्या रसायनानेही डोळा रखरखीत होतो. मात्र यांतले काहीही आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाची वा काचबिंदूची औषधे सोडल्याने होणारे नुकसान चुरचुरीपेक्षा कितीतरी मोठे असते.

आता आहाराकडे वळू, कारण दवाखान्यात सर्वाधिक प्रश्न त्याविषयीच येतात. माशाच्या तेलातील ओमेगा-3 स्निग्धाम्लांनी डोळ्यांचा दाह कमी होतो आणि पापण्यांतले तेल सुधारते, असे आम्ही डॉक्टर मंडळी बरीच वर्षे धरून चाललो होतो. मीही त्या कॅप्सुला मुक्तहस्ते लिहिल्या आहेत. मग 2018 साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. मध्यम ते तीव्र कोरडेपणा असलेल्या 535 जणांपैकी काहींना रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 आणि इतरांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सुला, असे वर्षभर दिले. कोणाला काय मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हते. वर्षाअखेरीस दोन्ही गटांना बरे वाटत होते आणि दोहोंत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. "मला त्या कॅप्सुलांनी गुण आला" असे सांगणारे रुग्ण खोटे बोलत नाहीत. त्यांना गुण आलेला असतो, फक्त त्याचे श्रेय कॅप्सुलेचे असेलच असे नाही. शिवाय मोठ्या मात्रेतील ओमेगा-3 ने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका काहीसा वाढतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मासे खाणाऱ्यांनी मासे जरूर खावेत. आपण खाडीकाठची माणसे. बांगडा आणि तारली हे दोन्ही तेलकट मासे पनवेलच्या बाजारात मिळतात आणि पापलेटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. आठवड्यातून दोनदा कालवणातला बांगडा हा हृदयासाठी आणि एकूण प्रकृतीसाठी उत्तम आहार आहे. डोळ्यांना लाभ झाला तर तो वरकड. तळून काळा केलेला तुकडा मात्र त्या हिशेबात धरू नये. शाकाहारी घरांत जवसाची चटणी आणि अक्रोड आहेत. जवसातील ओमेगा-3 चे माशातल्या प्रकारात रूपांतर शरीरात फार थोडे होते, तरी चटणी म्हणून ती चांगलीच.

अ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अभावी डोळे खरोखर सुकतात, अगदी अंधत्वापर्यंत. म्हणूनच आपल्या देशात 1970 पासून लहान मुलांना त्याचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांच्या त्या आजाराची आठवण समाजाच्या मनात पक्की बसली आहे आणि त्यामुळे आजोबांचे डोळे कोरडे पडले की अ जीवनसत्त्वाची बाटली येते. पण चार घास नीट जेवणाऱ्या ज्येष्ठात हा अभाव क्वचित असतो. यकृताचा वा आतड्याचा जुना आजार असेल, तर गोष्ट वेगळी. लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, अळू, पपई, अंडे यांतून पुरेसे मिळते. गोळ्यांतून जादा घेतलेले अ जीवनसत्त्व शरीरात साठते आणि यकृताला व हाडांना अपाय करते. ड आणि बी-12 यांची कमतरता आपल्याकडे पुष्कळ आढळते, विशेषतः शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत बी-12 ची. ती रक्त तपासून भरून काढावी. डोळे सुधारतील या एकाच आशेवर नको.

पाणी पुरेसे प्यावे, हे खरे, कारण उतारवयात तहान मंदावते. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र डोळ्यांसाठी ते माप मोडू नये.

हार्मोन, म्हणजे संप्रेरके, आणि डोळे यांचा संबंध खरा आहे. पापण्यांतील तेलग्रंथी चालतात त्या मुख्यतः अँड्रोजेन गटातील संप्रेरकांवर. ही स्त्री-पुरुष दोघांतही असतात आणि वयाबरोबर घटतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत कोरडेपणा अधिक का आढळतो, याचा काही उलगडा यातून होतो. मग इस्ट्रोजेन दिले की डोळे ओले होतील, असा तर्क सहज सुचतो. पण 2001 मध्ये अमेरिकेतील सुमारे 25 हजार रजोनिवृत्त स्त्रियांच्या पाहणीत उलटेच दिसले. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरड्या डोळ्यांचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ 70 टक्क्यांनी अधिक होते. घामाचे लोट, निद्रानाश अशा त्रासांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ ही औषधे देतात, तो विषय स्वतंत्र. डोळ्यांसाठी ती घेऊ नयेत. 'हार्मोन बॅलन्स' असे छापलेल्या डब्यांत नेमके काय असते, हे त्या डब्यांवरून मला आजवर कळलेले नाही. थायरॉइडची तपासणी मात्र अवश्य करावी. त्या आजारात पापण्या नीट मिटेनाशा होतात आणि डोळे सुकतात.

आणखी एक प्रश्न मी हल्ली प्रत्येकाला विचारतो: "पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळता येते का?" डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे असेल, सांधे दुखत असतील, दात भराभर किडत असतील, तर श्योग्रेन या आजाराची शंका घ्यावी लागते. त्याच नावाच्या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये तो तपशीलवार मांडला. तो बहुतांशी स्त्रियांना होतो आणि त्याला संधिवाततज्ज्ञाचे उपचार लागतात.

आजींच्या घरी आम्ही जे केले, ते साधे होते. सेटिरिझिन थांबवली, खाज कोरड्या त्वचेची होती, ती अंघोळीनंतर खोबरेल लावल्याने आवरली. पलंगाची दिशा बदलली, कारण पंख्याचा झोत रात्रभर थेट चेहऱ्यावर येत होता. पनवेलच्या उन्हाळ्यात पंखा बंद करा असे सांगणे क्रूरपणाचे आहे. झोत पायांकडे वळवता येतो. सकाळ-संध्याकाळ स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर दहा मिनिटे शेक. रुमाल दोन मिनिटांत निवतो, म्हणून तो पुन्हापुन्हा बुडवावा लागतो, आणि पाणी किती गरम आहे ते शेकणाऱ्याने आधी स्वतःच्या मनगटावर पाहावे. मधुमेही ज्येष्ठांना चटका उशिरा कळतो. शेकानंतर वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी बोटाने हलकेच चोळायची. वाचताना पोथी नजरेच्या खाली ठेवायची आणि पान संपले की सावकाश डोळे मिटायचे. वाचनात वा मोबाइलमध्ये गुंतलेला माणूस पापण्या मिटणे जवळजवळ विसरतो. जोडीला दिवसातून चार वेळा कृत्रिम अश्रूंचे, संरक्षक रसायन नसलेले थेंब. "हे तर नुसते पाणीच," म्हणून आजींनी पूर्वी ते सोडून दिले होते. सहा आठवड्यांनी त्या सलग अर्धा तास वाचू लागल्या. पुरे बरे वाटले का? नाही. थंडीच्या दिवसांत आणि रस्त्याच्या धुळीत अजून चुरचुरते.

लालसर डोळ्यासाठी शेजाऱ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब वापरण्याची पद्धत मात्र मला भयभीत करते. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून ते महिनोन्‌महिने चालते आणि डोळ्यातला दाब न दुखता वाढत जाऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांचे थेंबही नकोत. ते निर्जंतुक नसतात. डोळा तीव्र दुखू लागला, उजेड सोसवेना, दृष्टी अचानक कमी झाली किंवा त्रास एकाच डोळ्याला झाला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

थेंब घालण्याविषयी काळजीवाहकांसाठी थोडे. ज्येष्ठांना आडवे निजवा, खालची पापणी हलकेच ओढून तिच्या खोबणीत एकच थेंब सोडा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. दोन मिनिटे डोळे मिटून ठेवू द्या. दुसरे औषध घालायचे असेल तर पाच-दहा मिनिटे थांबा. आणि बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनने लिहा. वेष्टनावर वेगळी मुदत छापलेली नसेल तर महिन्याने उरलेले औषध फेकून द्या.