कटर : एका घोड्याची बर्फगाडी

कटर म्हणजे एका घोड्याने ओढायची, दोन माणसांपुरती हलकी बर्फगाडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात हिवाळ्यात ती सर्रास दिसे. तिला चाके नसतात. पुढून वर वळलेल्या दोन लांब पट्ट्यांवर ती घसरते. अ‍ॅश किंवा हिकरीचे लाकूड वाफेवर मऊ करून या पट्ट्यांना बाक देत आणि बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात तशी त्यांच्या तळाला धातूची पट्टी ठोकत. गाडी थंडीत फार वेळ उभी राहिली की पट्ट्या बर्फाला धरून बसत. मग घोडा जरा आडवा वळवून त्या सोडवाव्या लागत.

खरी हुशारी घोडा जुंपायच्या दांड्यांच्या जोडणीत आहे. दोन घोड्यांच्या जड गाड्यांनी रस्त्यात दोन चाकोऱ्या पडत आणि मधला पट्टा भुसभुशीतच राही. एकटा घोडा मधोमध जुंपला तर तो तिथे रुतणार. म्हणून कटरच्या दांड्या एका बाजूला सरकवून बसवत. घोडा तुडवलेल्या चाकोरीतून चाले. तो घसरू नये म्हणून त्याच्या नालांना टोकदार खुंट असत.

घडणीचे दोन प्रकार गाजले. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत जेम्स गूल्ड यांच्या कारखान्यातला ऑल्बनी कटर फुगीर, वळणदार बाजूंचा, देखणा. पण ती गोलाई घडवायला कसबी हात लागत. मेन राज्यातल्या किंबॉल घराण्याच्या नावाशी जोडलेला पोर्टलंड कटर सरळ रेषांचा, म्हणून करायला सोपा आणि स्वस्त. साहजिकच तोच जास्त पसरला.

बर्फावर गाडीचा आवाज होत नाही, टापाही दबतात. वळणावर धडक टाळायला घोड्याच्या अंगावर घुंगूरमाळ बांधत. काही ठिकाणी तसा कायदाच होता. कनेक्टिकटमधले ईस्ट हॅम्प्टन हे गाव अशा घुंगरांच्या ओतकामासाठी प्रसिद्ध झाले. जेम्स पियरपाँट यांचे ‘जिंगल बेल्स’ १८५७ मध्ये प्रथम छापले गेले ते ‘वन हॉर्स ओपन स्ले’, म्हणजे एका घोड्याची उघडी बर्फगाडी, या नावाने.

त्या काळी रस्त्यावरचा बर्फ हटवण्यापेक्षा जपण्याकडे कल असे. घोडे जुंपलेल्या अजस्र लाकडी रोलरने तो दाबून बसवत. छप्पर असलेल्या पुलांवर तर बाहेरून बर्फ आणून पसरत. विसाव्या शतकात मोटारींसाठी रस्ते खरवडून मोकळे होऊ लागले आणि कटर कोठारात जाऊन पडले.