बिजागरी चिकटवण्याआधी ती सैल करा

माझ्या लॅपटॉपची बिजागरी दोनदा तुटली. पहिल्यांदा लॅपटॉप जुना झाला म्हणून, आणि दुसऱ्यांदा मी ती दुरुस्त केली म्हणून.

हा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. सध्या तो मुख्यतः रविवारच्या ऑनलाइन मराठी शाळेसाठी आणि आईबाबांशी व्हिडिओवर बोलण्यासाठी वापरला जातो. एका संध्याकाळी झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यात 'कट्' असा आवाज आला आणि कीबोर्डाच्या कडेचं प्लास्टिक फुगून वर आलं. मी सुपरग्लू ओतला, वर दोन जाडजूड पुस्तकं ठेवली आणि सकाळी स्वतःवर खूश झाले. अकरा दिवसांनी तोच आवाज पुन्हा आला. या वेळी प्लास्टिकचा आणखी मोठा तुकडा हातात आला.

पडद्याची वायर आणि वायफायच्या अँटेनाच्या तारा बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिजागरीच्या अगदी शेजारून जातात. सुटलेली बिजागरी तशीच रेटत राहिलं, तर एक दिवस त्या तारा चिमटतात किंवा तुटतात. तेव्हा बिजागरीचा निकाल लवकर लावणं भाग होतं.

भारतात असते तर लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळचं एखादं दुकान गाठलं असतं. आम्ही राहतो लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये, हेग शहराला खेटून. इथे हाताच्या मजुरीचा दर पाहता जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती दुकानात करून घेणं बऱ्याचदा परवडत नाही. पण या देशाने त्यावर एक छान उपाय काढला आहे. १८ ऑक्टोबर २००९ रोजी मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला. ठरलेल्या दिवशी सभागृहात टेबलं मांडायची, हत्यारं ठेवायची, जाणकार स्वयंसेवकांनी बसायचं आणि लोकांनी आपल्या मोडक्या वस्तू घेऊन यायचं. वस्तू देऊन निघून जायचं नाही, शेजारी बसून दुरुस्तीला हात लावायचा, हा त्यातला महत्त्वाचा भाग. आज जगभर असे अडीच हजारांहून जास्त कॅफे चालतात.

आमच्या भागातल्या अशाच एका टेबलावर, निवृत्त झालेल्या एका डच काकांसमोर, मी माझा लॅपटॉप आणि त्याचे तुकडे ठेवले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चिकटवण्याआधी बिजागरी सैल केली होतीस का?"

मी केली नव्हती. मुळात बिजागरी घट्ट असणं ही चांगली गोष्ट आहे, अशीच माझी समजूत होती.

बिजागरीचं काम काय?

दाराची बिजागरी जितकी सहज फिरेल तितकी चांगली. लॅपटॉपच्या बिजागरीला मात्र दोन कामं असतात. झाकण फिरू द्यायचं, आणि हात सोडला की ते त्याच कोनात धरून ठेवायचं. हे दुसरं काम घर्षण करतं.

आमच्या फोरबर्ग स्टेशनला लागूनच हॉफवाइक नावाचं टुमदार घर आहे. लंबकाचं घड्याळ (१६५६) आणि घड्याळातली सर्पिल स्प्रिंग (१६७५) ज्याच्या नावावर आहे, तो ख्रिस्तियान हायगन्स आयुष्याच्या उत्तरार्धात तिथे राहिला. आता तिथे संग्रहालय आहे. घड्याळ करणाऱ्याचं घर्षणाशी वैर असतं, कारण झोका थांबवणारं तेच. लॅपटॉपची बिजागरी करणाऱ्याला घर्षण हवं असतं, पण मोजून मापून. ते कमी पडलं तर पडदा मांडीवर कोसळतो. जास्त झालं तर काय होतं, ते माझ्या पुढ्यात तुकड्यांच्या रूपाने पडलं होतं.

काकांनी बिजागरी काढून दाखवली. मधे एक पोलादी दांडा, त्यावर ओळीने बसवलेल्या चकत्या, त्यांतल्या काही बशीसारख्या किंचित वाकलेल्या, आणि टोकाला नट. बशीसारख्या चकत्या स्प्रिंगचं काम करतात. नट आवळला की चकत्या एकमेकींवर जास्त दाबल्या जातात आणि दाबाच्या प्रमाणात घर्षण वाढतं. कारखान्यात हा नट मोजून आवळलेला असतो. पण वर्षांनुवर्षं वापरताना मधलं ग्रीस सुकतं किंवा बाहेर सरकतं, झिजलेल्या धातूची पूड साचते, पृष्ठभाग खरवडले जातात आणि बिजागरी जड होत जाते. ही वाढ इतकी हळू होते की आपल्या हाताला तिची सवय होऊन जाते.

सामानाच्या काट्यावर बिजागरी

किती जड? हे मोजायला लागणारं यंत्र परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात असतं. विमानतळावर बॅग उघडायची वेळ येऊ नये म्हणून आपण घेतलेला, हुक असलेला सामानाचा काटा. बिजागरीची एक बाजू शेगड्यात पकडली, दुसऱ्या बाजूला धातूची पट्टी स्क्रूने जोडली आणि बिजागरीच्या आसापासून १० सेंटिमीटरवर काट्याचा हुक अडकवून काटकोनात ओढलं. बिजागरी हलायला लागली तेव्हा काटा १.६ किलो दाखवत होता.

फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात. तो म्हणजे बल गुणिले आसापासूनचं अंतर. १.६ किलो वजनाचं बल सुमारे १५.७ न्यूटन, त्याला ०.१ मीटरने गुणलं की १.५७ न्यूटन-मीटर.

आता गरज किती होती ते पाहू. माझ्या लॅपटॉपच्या झाकणाचं वजन ६०० ग्रॅम, आणि त्याचा गुरुत्वमध्य आसापासून ११ सेंटिमीटरवर. झाकण पूर्ण आडवं असताना गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क सर्वांत जास्त असतो, ०.६ × ९.८ × ०.११, म्हणजे सुमारे ०.६५ न्यूटन-मीटर. तो दोन बिजागऱ्यांनी वाटून घ्यायचा, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ०.३३. माझी बिजागरी गरजेच्या जवळजवळ पाचपट घट्ट झाली होती.

हा जादा टॉर्क जातो कुठे? बिजागरीची खालची पट्टी लॅपटॉपच्या तळाला दोन-तीन छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते. हे स्क्रू ज्यात जातात ते पितळी नट, प्लास्टिकच्या बारीक खांबांत गरम करून दाबून बसवलेले असतात. खांबांची भिंत एक-दोन मिलिमीटर जाड. झाकण उघडताना पट्टी एका कडेवर टेकून उचलली जाते आणि स्क्रूंना वर खेचते. कड आणि स्क्रू यांतलं अंतर साधारण दीड सेंटिमीटर धरलं, तर १० सेंटिमीटरवरचे १.६ किलो तिथे १०.७ किलो होतात. भारतीय दुकानातून आपण गव्हाच्या पिठाची दहा किलोची पिशवी आणतो ना, साधारण तेवढं वजन दर वेळी त्या नखाएवढ्या खांबांवर टांगल्यासारखं.

एका झटक्यात प्लास्टिक तुटत नाही. पितळी नटाच्या खडबडीत कडेपाशी ताण एकवटतो, तिथे सूक्ष्म भेग पडते आणि प्रत्येक उघडझापीला ती किंचित पुढे सरकते. दिवसाला दहा वेळा उघडलं, तर सात वर्षांत पंचवीस हजारांहून जास्त खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला आवाज येतो एवढंच. माझ्या दोन्ही अपघातांत पोलादी बिजागरी शाबूत होती. तुटलं होतं ते तिला धरून ठेवणारं प्लास्टिक.

माझी पहिली दुरुस्ती का फसली तेही आता कळलं. सुपरग्लूचा थर पातळ आणि ठिसूळ असतो. घट्ट बसणारे दोन तुकडे जोडायला तो उत्तम, पण उचकटणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणापुढे टिकत नाही. आणि बिजागरी तितकीच घट्ट राहिल्यामुळे ताण तसूभरही कमी झाला नव्हता.

मग केलं काय?

लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तळ उघडून सर्वांत आधी बॅटरीची वायर सुटी केली. मग काकांनी पान्याने बिजागरीचा नट पाव वळसा सैल केला, दांड्याला थेंबभर ग्रीस लावलं आणि पुन्हा काट्यावर मोजायला सांगितलं. असं करत तिसऱ्या वेळी काट्यावर अर्धा किलो दिसला. म्हणजे ०.४९ न्यूटन-मीटर, गरजेच्या दीडपट. खांबांवरचा ओढा आता १०.७ किलोवरून ३.३ किलोवर आला होता. उजवी बिजागरीही तशीच सैल केली. एकच सैल केली असती, तर झाकण पिळवटून सगळा भार दुसरीवर गेला असता.

यानंतर चिकटवणं. जुना सुपरग्लू खरवडला, प्लास्टिक पॉलिशपेपरने खरबरीत केलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. अ‍ॅसिटोन इथे चालत नाही, एबीएस प्रकारचं प्लास्टिक त्यात विरघळतं. पितळी नट बिजागरीच्या पट्टीलाच स्क्रूने लावून मग जागेवर बसवले, म्हणजे भोकं नेमकी जुळतात. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावलं, म्हणजे ते कायमचे चिकटत नाहीत. भोवती दोन ट्यूबांचा, सावकाश घट्ट होणारा एपॉक्सी भरला आणि त्यात काचतंतूंच्या कापडाचा तुकडा बसवला, म्हणजे भार खांबापुरता न राहता आजूबाजूच्या तळावर पसरतो. झाकण २४ तास हलवायचं नाही, अशी तंबी मिळाली.

एक चूक मी करणारच होते. नट पुन्हा फिरू नये म्हणून आटे घट्ट धरणारा द्रव लावायला मी बाटली उचलली. काकांनी ती हातातून काढून घेतली. हा द्रव एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर ओघळला, तर ताणाखालच्या प्लास्टिकला भेगा पडू शकतात.

प्रत्येक लॅपटॉपला हा उपाय लागू पडत नाही. काही बिजागऱ्यांत नट नसतोच, दांड्याभोवती गुंडाळलेली पट्टी असते. ती सैल करता येत नाही, बिजागरीच बदलावी लागते. आणि बॅटरी फुगल्यामुळे तळ उचलला गेला असेल, तर ते दुखणं वेगळं आणि धोक्याचं आहे. तिथे स्वतः हात घालू नका.

या खटाटोपाला अर्थ आहे का? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा हिस्सा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागतात. भारतानेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. तरीही दोन मिलिमीटर प्लास्टिक तुटलं म्हणून धडधाकट यंत्रं टाकून दिली जातात.

म्हणून आज एवढंच करा. तुमचा लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि झाकण सावकाश उघडा, कोपऱ्याला न धरता मध्यभागी धरून. नजर पडद्यावर नको, बिजागरीजवळच्या खालच्या सांध्यावर ठेवा. झाकणासोबत तळही उचलला जात असेल किंवा सांध्यात केसाएवढी फट उघडत-मिटत असेल, तर खांब कदाचित अजून पूर्ण तुटलेले नसतील, पण त्यांना भेगा पडायला लागल्या असू शकतात. या टप्प्यावर नट सैल करणं बऱ्याचदा पुरतं. एपॉक्सीची गरज कदाचित पडणारही नाही.

आमच्या लॅपटॉपला आता आठ महिने झाले. झाकण एका बोटाने उघडतं आणि जिथे सोडावं तिथे थांबतं.