नाशिकची अभ्यास सहल : लेण्यातला हिशेब आणि द्राक्षाची गोडी

— ऊस विकास अधिकारी



आपल्या कारखान्याच्या ऊस विकास विभागातर्फे यंदाची अभ्यास सहल नाशिकला नेण्यात आली. एरवी आपण पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र किंवा मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहतो. यंदा मुद्दाम वेगळी वाट धरली. सकाळी पांडवलेणी पाहायची आणि दुपारी वाईनचा कारखाना पाहून वाईनची चव घ्यायची, असा एका दिवसाचा कार्यक्रम नाशिकला आता चांगलाच रुळला आहे. माहितगार वाटाड्या सोबत घेऊन पर्यटक तो करतात. तोच आपण केला.

यादी लागली तेव्हा किनगाव गटातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला थेट विचारले, "साहेब, लेणी ठीक हाय, पन वाईन कशापायी?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सर्वांनाच मिळावे म्हणून हा लेख.

संक्रांत झाल्यावर, ज्यांचा ऊस तुटून गेला होता अशा सभासदांना घेऊन आम्ही संध्याकाळी अहमदपूर सोडले. अंबाजोगाई, बीड, अहिल्यानगर असा रात्रभर प्रवास करून पहाटे नाशिक गाठले. चहा-पोहे झाले आणि ऊन चढायच्या आत डोंगराला लागलो.

त्रिरश्मी डोंगरावर

पांडवलेणी नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. नावात पांडव असले तरी पांडवांचा इथे संबंध नाही. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. त्यांची सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पायऱ्या बऱ्याच आहेत. आमच्यातल्या दोघा-तिघांनी मध्ये दम खाल्ला, पण वर सगळे पोचले. आमचे वाटाडे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजीच म्हणू लागले.

अठरा क्रमांकाचे लेणे चैत्यगृह आहे, म्हणजे पूजेचे. बाकीची बहुतेक राहण्याची. मधे मोठा चौक, कडेने लहान खोल्या, खोलीत दगडाचाच ओटा. पावसाचे पाणी धरून ठेवायला कातळात टाकी खोदलेली. आपल्या मंडळींनी नक्षीच्या आधी टाकीच न्याहाळली. मराठवाड्याच्या माणसाची नजर आधी पाण्यावर जाते, त्याला इलाज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलेले आपण पाहिले आहे.

व्याजाचा हिशेब

खरी गंमत दहा क्रमांकाच्या लेण्यात आहे. भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत लेख कोरले आहेत. हे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने करविले. त्याने नुसते लेणे दिले नाही, तर तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चाची कायम सोय लावून दिली. त्यासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना. आजच्या भाषेत विणकरांची सोसायटीच म्हणा.

आता हिशेब बघा. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना दरसाल प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. आमच्या सभासदांनी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब मांडला. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस माणसांना बारा-बारा दिले की दोनशे चाळीसच. पै इकडची तिकडे नाही! दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे नव्वद. ते किरकोळ खर्चाला.

पुढची अट तर सोसायटीच्या पोटनियमात शोभावी अशी. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि हे सर्व नगराच्या सभेत जाहीर करून, दप्तरात नोंदवून, फळ्यावर लिहून ठेवले, असेही लेखात सांगितले आहे. त्याच लेण्यात पुढच्या काळातला आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळचा लेख आहे. त्यात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. त्या श्रेणींत पाण्याची यंत्रे करणारे आहेत आणि तेलघाणेवालेही आहेत. घाण्याचे नाव निघताच सभासदांच्या चेहऱ्यावर हसू आले. घाणा तेलाचा असो की उसाचा, दोघांचे गणगोत एकच.

वीस-पंचवीस वर्षे सोसायटीचे चेअरमन राहिलेले आमचे एक सभासद भिंतीला हात न लावता जवळून लेख बघत म्हणाले, "गुरुजी, म्हनजे ठराव केला, वाचून दाखवला आन् खोडता येऊ नये म्हनून दगडात कोरला." याहून चांगला अर्थ आम्हालाही सांगता आला नसता.

पडीक जमिनीची गोष्ट

तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे लेख आहेत. यानेच नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाच्या ताब्यातले प्रदेश सांगितले आहेत. त्यात असक आणि मूळक ही गोदाकाठची नावे येतात.

पण शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट निराळी आहे. गौतमीपुत्राने भिक्षूंना एका गावातले शेत दिले होते. पुढे कळले की ते गाव वसत नाही आणि शेत कोणी नांगरत नाही. कागदावर दान होते, हाती दाणा नव्हता. तेव्हा त्या बदल्यात नगराच्या शिवेवरची शंभर निवर्तने सरकारी जमीन देण्याचा हुकूम निघाला. निवर्तन हे त्या काळचे जमीन मोजायचे माप. दिलेला शब्द प्रत्यक्षात उतरला की नाही हे पुन्हा पाहिले, आणि उतरला नाही तर दुरुस्त केला. आमच्या मते सगळ्या लेण्यांत पाहण्यासारखी गोष्ट ही आहे.

वाईनही आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाईन आहे, आणि इटलीची वाईन विशेष पसंत असल्याचे म्हटले आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तगर येथून गाड्यांनी भडोचला माल जाई, तगरहून मुख्यतः कापड जाई, असे लिहिले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आपले तेर. तिथे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. लातूरला कामाला जाणाऱ्यांनी एकदा वाट वाकडी करून ते जरूर पाहावे.

द्राक्षाच्या कारखान्यात

दुपारी जेवण करून गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वाईनरीत गेलो. राजीव सामंत हे अमेरिकेत शिकून, तिथली नोकरी सोडून परत आले आणि वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी १९९७ साली वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. पहिली वाईन २००० साली निघाली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क झाले.

वाईनची द्राक्षे आपण बाजारात घेतो ती नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी. काढणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे आपला हंगाम भरात असतो तेव्हाच. पाणी ठिबकने.

तोडीची वेळ मात्र पाळीवर ठरत नाही, गोडीवर ठरते. बागेतले मणी घेऊन रस काढतात आणि ब्रिक्स पाहतात. हे ब्रिक्स मापक आपल्याही गट कार्यालयात आहे. बावीस-चोवीसच्या घरात ब्रिक्स आले की थंड वेळी, शक्यतो पहाटे, तोड करून माल तडक कारखान्यात आणतात. आपला ऊस फडात किंवा गाडीत वाळत पडला की वजनही घटते आणि साखरही, द्राक्षाचे तसेच.

आत गेल्यावर सभासदांनी आपल्या मिलशी तुलना सुरू केली. आपण उसावर पाणी शिंपून शेवटच्या मिलपर्यंत चिपाडातला रस पिळून काढतो. इथे उलट. द्राक्ष हलक्या हाताने दाबतात, कारण बी चिरडले तर कडवटपणा उतरतो. पांढऱ्या वाईनला फक्त रस स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवतात. लाल वाईनला रस सालीसकट आंबवतात, कारण काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढराच असतो, रंग सालीत असतो. यीस्ट रसातली साखर खाऊन अल्कोहोल करते. काही वाईन नंतर ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. आपण साखर जपतो, ते साखर आंबवतात. पण दोघांचाही जीव शेतातल्या गोडीवरच अवलंबून.

चव घेण्याची रीत

चव घ्यायची ती पोटभर प्यायची नसते. ग्लासात घोटभरच वाईन देतात. आधी उजेडात रंग बघायचा, मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, मग तोंडात घोळवायची. गिळायची नसेल तर थुंकायला भांडे ठेवलेले असते. यावर मोठा हशा झाला. "एवढ्या महागाची थुंकायची व्हय?" असे एकाने विचारलेच. आमच्यातले माळकरी सभासद पाणी पीत बसले. त्यांना कोणी आग्रह केला नाही. बसचा ड्रायव्हर तर आतही आला नाही.

मग एका महिला सभासदांनी माहिती देणाऱ्या मुलीला विचारले, "बाई, एवढं समदं ऐकलं. पन ही दारूच ना?" मुलीने आढेवेढे न घेता सांगितले, की होय, हिच्यात शेकडा बारा-तेरा अल्कोहोल असते. बाईंनी मान डोलावली आणि ग्लास खाली ठेवला. आम्हीही इथे वाईनचा प्रचार करीत नाही. दारूने कोणाच्या घराचे काय झाले हे गावोगाव माहीत आहे, आणि ते सोसले आहे ते बहुतेक बायांनी. आम्हाला दाखवायची होती ती तोडीची आणि दराची पद्धत.

ऊस सोडून द्राक्ष लावावे काय?

परतीच्या वाटेवर हाच प्रश्न निघाला. आमचे मत असे, की घाई करू नये. वाईनच्या द्राक्षाला मांडव, ठिबक, औषधे आणि मजुरी यांचा खर्च आधी, पीक नंतर. शिवाय ही द्राक्षे बाजारात खायला विकता येत नाहीत, कारखान्यानेच घ्यायला हवीत. २००८ नंतर मंदी आली तेव्हा नाशिक भागात मागणी घटली आणि अनेक शेतकऱ्यांना वाईनच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. म्हणून शहाणे बागाईतदार अनेक वर्षांचा लेखी करार केल्याशिवाय लागवड करीत नाहीत. करारात जात आणि गोडीची अट लिहिलेली असते.

उसाला ही हमी कायद्याने आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे चौदा दिवसांत पैसे, उशीर झाल्यास शेकडा पंधरा व्याज. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये किमान दर ठरला. त्यापुढे उतारा दर ०.१ टक्क्याने वाढला तर टनाला ३४ रुपये ६० पैसे जास्त. खाली आला तर त्याच प्रमाणात कमी, पण साडेनऊच्या खाली कपात नाही. म्हणजे अर्धा टक्का उतारा वाढला तर टनामागे १७३ रुपये, शंभर टनांमागे १७,३०० रुपये.

पण हा उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरी असतो. एकाने पक्व, स्वच्छ ऊस घातला आणि दुसऱ्याने कोवळा, वाढ्या-पाचटासकट घातला, तरी दर दोघांना एकच. चांगल्याचे श्रेय मिळत नाही, वाईटाचा तोटा सर्वांच्या वाट्याला येतो. सहकारात ही उणीव शिल्लक आहे, आणि ती फक्त ऑफिसातून भरून निघणार नाही.

आपल्याकडे काय करता येईल

तोडीचा कार्यक्रम लागवडीची तारीख आणि जात पाहून ठरतो. त्यात प्लॉटच्या ब्रिक्सची जोड देता येईल. उसाच्या वरच्या आणि खालच्या कांड्यांतल्या रसाचे ब्रिक्स जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व झाला, हे आपल्याला माहीत आहे. येत्या हंगामात आपल्या गटातल्या कर्मचाऱ्याकडून तोडीआधी ही तपासणी करून घ्यावी, आणि आलेला आकडा गट कार्यालयाच्या फळ्यावर सर्वांना दिसेल असा लिहायला लावावा. ओळखीने पाळी मागे-पुढे करण्याची बोलणी मग आपोआप कमी होतील, कारण आकडा फळ्यावर असेल. तोडणी मुकादमाला पाचट आणि वाढे काढून ऊस बांधायला सांगणे हे प्रत्येकाचे आपल्याच फडात करण्याचे काम आहे.

गोवर्धनच्या विणकरांनी घेतलेली ठेव किती, व्याज किती आणि ते कोणासाठी, हे आज आपण पायऱ्या चढून जाऊन वाचू शकतो. आपले आकडे दगडात कोरायची गरज नाही. खडूने फळ्यावर लिहिले आणि चारचौघांनी वाचले, तरी पुरे. तरी सर्व सभासदांनी तपासणीसाठी आपल्या प्लॉटची नोंद आपापल्या गट कार्यालयात वेळेवर करावी, ही विनंती.