वेदनाशमन आणि विद्युच्चुंबकीय क्षेत्र

स्नायू आणि सांधे यांच्या दुखण्यावर ‘विद्युच्चुंबकीय उपचार’ या नावाने जे काही केले जाते, त्यात परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. पहिलीत उच्च कंप्रतेच्या क्षेत्राने शरीराच्या आत उष्णता निर्माण केली जाते. दुसरीत स्पंदित चुंबकीय क्षेत्राने ऊतींमध्ये क्षीण विद्युत्क्षेत्र प्रवर्तित केले जाते. तिसरीत नुसता कायमचा चुंबक पट्ट्यात किंवा कड्यात बसवून दुखऱ्या भागावर बांधला जातो. पहिलीची भौतिकी निर्विवाद आहे, दुसरीची अंशतः ज्ञात आहे आणि तिसरीला भौतिकीचा आधार जवळजवळ नाही. विक्रेत्यांच्या भाषेत मात्र पहिलीची प्रतिष्ठा तिसरीलाही सहज लाभते. म्हणून या तिन्हींचा विचार पृथक्पणे करणे अगत्याचे आहे.

फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक आर्सेन दार्सॉन्व्हाल याने १८९० नंतरच्या काही वर्षांत असे दाखविले की, प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता सेकंदास सुमारे १०,००० आवर्तनांच्या पलीकडे नेली म्हणजे स्नायूंचे आकुंचन घडवून आणण्याची त्याची शक्ती ओसरू लागते. चेतातंतूचे आवरण उद्दीपित होण्यास जो अवधी लागतो, तो मिळण्यापूर्वीच प्रवाहाची दिशा उलटते. मग धक्का बसत नाही, केवळ ऊब जाणवते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन वैद्य कार्ल फ्रान्त्स नागेलश्मिट याने या तत्त्वावरील उपचारास ‘डायाथर्मी’, म्हणजे आरपार उष्णता, हे नाव दिले. आज रुग्णालयांतून दिसणारी शॉर्टवेव्ह उपकरणे बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर, म्हणजे सुमारे ११ मीटर तरंगलांबीवर चालतात. या आकड्यामागे वैद्यकीय कारण काही नाही. रेडिओच्या दळणवळणात व्यत्यय येऊ नये म्हणून १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी जे पट्टे राखून ठेवले, त्यांपैकी हा एक होय.

क्षेत्र शरीरास कोणत्या रीतीने लावले जाते, यावर उष्णता कोठे निर्माण होणार हे ठरते. धारित्राच्या दोन पट्टिकांमध्ये मांडी ठेवली असता प्रवाह त्वचा, मेद आणि स्नायू या थरांतून एकापाठोपाठ एक असा जातो. प्रवाहघनता सर्व थरांत जवळजवळ तीच असल्यामुळे ज्या थराची संवाहकता कमी, तेथे उष्णता अधिक. मेदाची संवाहकता स्नायूच्या दशांशाहूनही कमी असल्याने या मांडणीत मेदच अधिक तापतो. स्थूल रुग्णाच्या बाबतीत तर स्नायूपर्यंत काही पोहोचण्याआधी चरबीच होरपळण्याची भीती असते. याउलट तारेचे वेटोळे अवयवाजवळ ठेवले, तर त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने निर्माण होणारे भोवरी प्रवाह थरांना समांतर वाहतात. येथे विद्युत्क्षेत्र लगतच्या थरांत सारखे असते आणि उष्णता संवाहकतेच्या प्रमाणात निर्माण होते. साहजिकच स्नायू अधिक तापतो. एकच यंत्र, एकच कंप्रता, पण जोडणी बदलताच परिणाम उलटा होतो. उपचारांच्या अहवालांत या जोडणीचा उल्लेखही न करण्याची रीत आहे, ती शास्त्रीयदृष्ट्या अक्षम्यच म्हटली पाहिजे.

ऊतींचे तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेणे हे या उपचाराचे उद्दिष्ट. त्या मर्यादेत रक्ताभिसरण वाढते, स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, सांध्याभोवतालच्या तंतूंची ताणक्षमता सुधारते आणि दुखणे काही काळ उतरते. घरगुती शेकाने साधते त्याहून हे तत्त्वतः निराळे नव्हे. फक्त शेकाची ऊब फार खोल जात नाही आणि डायाथर्मीची जाते. मात्रा ठरविण्याचे मुख्य साधन म्हणजे रुग्णाची स्वतःची संवेदना. म्हणून मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या भागावर हा उपचार वर्ज्य मानला जातो.

धातूविषयीचा धोका याहून गंभीर आहे. मेंदूत विद्युत्अग्रे बसविलेल्या रुग्णास जबड्यावर किंवा पाठीवर डायाथर्मी दिली, तरी त्या तारा ऊर्जा गोळा करून अग्राच्या टोकाशी एकवटतात. अशा रीतीने रुग्ण दगावल्याच्या नोंदी मिळाल्यावर डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शरीरात तारा असलेल्या रुग्णांना हा उपचार देऊ नये, असा इशारा दिला. उत्तेजक यंत्र बंद ठेवल्यानेही हा धोका टळत नाही, कारण ऊर्जा यंत्राकडून येत नाही, बाहेरील क्षेत्रातून येते.

दुसऱ्या प्रकाराचा उगम अस्थींच्या अभ्यासात आहे. जपानमधील फुकादा व यासुदा यांनी १९५७ मध्ये अस्थीत दाबविद्युत् परिणाम असल्याचे दाखविले. हाड वाकले की त्यावर विद्युत्भार येतो, तर बाहेरून विद्युत्क्षेत्र दिल्यास हाडाची वाढ होईल काय, असा प्रश्न त्यातून निघाला. बॅसेट, पॉलुक आणि पिला यांनी १९७४ मध्ये स्पंदित चुंबकीय क्षेत्राने अस्थिसंधान त्वरित होते असा प्रयोग प्रसिद्ध केला आणि १९७९ मध्ये न जुळणाऱ्या अस्थिभंगांसाठी या उपकरणांना अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे हीच वेटोळी गुडघ्याच्या दुखण्यावर आली. हाडासाठी मांडलेली उपपत्ती वेदनेला कशी लागू पडते, हे मात्र फारसे कोणी स्पष्ट केले नाही.

या क्षेत्राच्या बलाचा अंदाज साध्या गणिताने येतो. चुंबकीय क्षेत्र २०० मायक्रोसेकंदांत शून्यापासून १ मिलिटेस्लापर्यंत चढले, तर बदलाचा दर सेकंदास ५ टेस्ला होतो. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर प्रवर्तित विद्युत्क्षेत्र म्हणजे त्रिज्येची निम्मी गुणिले हा दर. उत्तर येते दर मीटरला सुमारे ०.१२५ व्होल्ट. शेफील्ड येथे १९८५ मध्ये बार्कर व सहकाऱ्यांनी कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतील चेतापेशी उद्दीपित करून दाखविल्या. त्यासाठी दर मीटरला १०० व्होल्टच्या आसपास क्षेत्र लागते, म्हणजे सुमारे आठशेपट. तेव्हा वेदनाशमनाची स्पंदित उपकरणे चेतातंतू उद्दीपित करू शकत नाहीत आणि ऊतीही तापवू शकत नाहीत. परिणाम असलाच तर तो पेशीआवरणावरील आयनांच्या व्यवहारात शोधावा लागेल. तशा उपपत्ती मांडल्या गेल्या आहेत. सर्वमान्य एकही नाही.

उपपत्ती नसणे हा काही अपात्रतेचा पुरावा नव्हे. अनुभव काय सांगतो? गुडघ्यादी सांध्यांच्या झिजेवरील ९ चाचण्यांचा (६३६ रुग्ण) कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभराच्या मापावर वेदना बनावट उपचारापेक्षा सरासरी १५ अंकांनी अधिक उतरलेली दिसली; हालचालीच्या क्षमतेत निश्चित फरक आढळला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत मात्र, पुरावा अपुरा असल्याने, सांध्यांच्या झिजेसाठी स्पंदित शॉर्टवेव्ह देऊ नये असे म्हटले. ही दोन्ही मते एकमेकांशी विसंगत वाटली तरी त्यांचे मूळ एकच आहे: चाचण्या थोड्या, लहान आणि एकमेकींपासून भिन्न मात्रांच्या.

कायमच्या चुंबकांचे समर्थन बहुधा रक्तातील लोहाच्या नावे केले जाते. हिमोग्लोबिनमधील लोह लोहचुंबकी नाही. पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखविले की प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन प्रतिचुंबकी, तर प्राणवायुरहित हिमोग्लोबिन समचुंबकी असते. दोन्ही परिणाम अत्यंत क्षीण. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या यंत्रात रुग्ण १.५ किंवा ३ टेस्लाच्या क्षेत्रात पडून असतो आणि त्याचे रक्त कोठेही ओढले जात नाही. कड्यातल्या चुंबकाचे क्षेत्र त्याच्या अल्पांशाइतके असते आणि काही सेंटिमीटरांतच ओसरते.

वेदनेचे मापन रुग्णाच्या सांगण्यावरच अवलंबून असल्यामुळे बनावट उपचाराशी तुलना येथे अनिवार्य ठरते. एलिशा पर्किन्स या अमेरिकन वैद्याने १७९६ मध्ये दोन धातूंच्या सळयांचे एकस्व घेतले आणि त्या दुखऱ्या अंगावरून ओढल्या असता दुखणे हटते असा दावा केला. १७९९ मध्ये इंग्लंडातील बाथ येथे जॉन हेगार्थ याने रंगविलेल्या लाकडी सळया पाच संधिवाती रुग्णांवर वापरल्या. चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या सळयांनीही तेवढाच आराम पडला.

स्पंदित क्षेत्राचे वेटोळे या दृष्टीने सोयीचे आहे, कारण ते चालू आहे की बंद हे रुग्णास कळत नाही. डायाथर्मीत ऊब जाणवते, म्हणून खरी अंध चाचणी घडविणे कठीण. चुंबकाच्या बाबतीत अडचण वेगळीच. व्हॅलबोना यांच्या १९९७ मधील चाचणीत पोलिओनंतर दुखणे राहिलेल्या ५० रुग्णांपैकी चुंबकाने ७६ टक्क्यांना, तर बनावट चकतीने १९ टक्क्यांना आराम पडला. कॉलॅकॉट व सहकाऱ्यांना २००० मध्ये पाठदुखीच्या २० रुग्णांत काहीच फरक आढळला नाही आणि २००७ मध्ये अशा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातूनही वेदनाशमनाचा आधार मिळाला नाही. रुग्ण चकती घरी नेतो तेव्हा खिशातली किल्ली किंवा टाचणी तिला चिकटते की नाही हे पाहण्यास त्याला क्षणही लागत नाही, आणि मग चाचणी कागदावरच अंध राहते.