उंची किती वाढवावी?

हौसेला मोल नसते म्हणतात. पण माप तरी असावे! आमच्या भाचेरावांनी नवी ‘थार’ घेतली. तिचे टायर मूळचे ३१ इंच व्यासाचे. यांना हवेत ३३ इंची, आणि त्यासाठी गाडी चार इंच उचलण्याचा बेत!

मी म्हटले, “अरे, आधी हिशेब कर. टायर दोन इंचांनी वाढला, तर एक्सल उचलला जाईल एकच इंच. कारण तो चाकाच्या मध्यावर. स्प्रिंगा उंच केल्यास तर वर जाईल ती बॉडी. मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच. दगड लागायचा तो त्यालाच!”

“मग उचलायची कशाला, मामा?”

“टायर मडगार्डला घासू नये म्हणून. तेवढ्याला बहुधा दोन इंच पुरतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून पाहावे. त्याहून उंच केलीस, तर गुरुत्वमध्य वर जाऊन घाटातल्या वळणावर गाडी उलटण्याची भीती वाढते. प्रोपेलर शाफ्टचे कोनही बिघडतात. शिवाय मोठ्या टायरमुळे काटा ६० दाखवील, तेव्हा वेग असेल ६४! आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आहेच. मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई. तेव्हा आधी आरटीओत विचार.”

भाचेराव टेप घेऊन खाली गेले. परतले ते हसतच.

“मामा, चार इंच रद्द! आत्ताच आईला चढताना हात द्यावा लागतो.”

आमच्या अक्काचे गुडघे अखेर कामी आले!