मुंबईतलं घर: जामनेरहून निघण्याआधी करायचा हिशोब

जामनेर तालुक्यातल्या एखाद्या घरात मुलाला मुंबईत नोकरी लागली की आधी पगाराची चौकशी होते, मग राहायचं कुठे याची. पगार नेमणूकपत्रावर छापलेला असतो. राहण्याबद्दल मात्र जो तो आपला अनुभव सांगतो आणि कुणाचाच आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. मग कधी अर्धा एकर विकायचा विचार सुरू होतो, कधी पोरगं दोन महिन्यांत बॅग घेऊन परत येतं. म्हणून हा हिशोब सुरुवातीपासून, सावकाश मांडून पाहू.

आधी भाव एवढे का, ते. जामनेरला वस्ती वाढली की पाचोरा रोडला प्लॉट पडतात, भुसावळ रोडला पडतात. मुंबईला तशा चार दिशा नाहीत. भराव घालून जोडलेल्या सात बेटांवर ती उभी आहे, तीन बाजूंना पाणी आहे आणि वाढायला वाट फक्त उत्तरेकडे. त्यातच मंत्रालय, उच्च न्यायालय, रिझर्व्ह बँक, मोठमोठ्या कंपन्यांची मुख्यालयं अशी राजधानीची जुनी कामं दक्षिण टोकाला एकवटलेली. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झालं, अंधेरीला कारखाने आणि कचेऱ्या आल्या, पण कामाच्या जागेजवळ घर म्हटलं की भाव चढतो ही गोष्ट तशीच राहिली.

दुसरं कारण कायद्याचं आहे आणि ते आपल्याकडे फारसं माहीत नसतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं हेच 'प्रमाण भाडं' म्हणून गोठवलं. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या आणि फाळणीच्या काळात भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचं नव्हतं. पण ती तात्पुरती गोठवण पन्नास वर्षं टिकली. गिरणगावातल्या चाळीच्या मालकाला खोलीमागे महिन्याला मोजके रुपये मिळत. त्यात छप्पर शाकारणंही होईना. त्याने दुरुस्ती सोडली, आणि नव्या माणसांनी भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणंच सोडलं. भाडेकरूने हक्क सोडताना मागच्या दाराने घ्यायची रक्कम, म्हणजे पागडी, याच काळात रुजली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९४० चं भाडं आजही लावणं अवाजवी झाल्याचं सांगितलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय झाली. तोवर मुंबईत भाड्याची घरं बांधायचा धंदा मोडून गेला होता. घरं बांधली जात ती विकण्यासाठी. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती आणि त्याच शहरातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत होती. घर अडकून राहील या भीतीने कुलूप लावून ठेवणारे मालक त्या रिकाम्या घरांमागे किती असतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

तिसरं कारण एफएसआय. तुमचा प्लॉट १,००० चौरस फुटांचा आणि एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून १,००० चौरस फूट बांधता येतात. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहराला १.३३ आणि उपनगरांना १ एवढाच मूळ एफएसआय होता. त्याहून जास्त बांधायचं तर बिल्डरला महापालिकेला प्रीमियम भरावा लागतो किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हलवलेला बांधकामाचा हक्क, विकत घ्यावा लागतो. तो पैसा शेवटी फ्लॅटच्या भावातच येतो. झोपडपट्टी पुनर्वसनातली मोफत घरंही याच हिशोबातून निघतात: विक्रीच्या फ्लॅटमधून जे मिळतं त्यातून मोफतच्या घरांचा खर्च भागवायचा. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या माथ्यावर स्वतःच्या घराबरोबर आणखी एका घराचा भार असतो.

आता आपल्या मुलाकडे येऊ. खान्देशातली माणसं कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात का दिसतात? जळगावहून निघालेली गाडी चाळीसगाव, मनमाड, नाशिक, कसारा करत आधी कल्याणला थांबते. मुंबईचं पहिलं टोक तेच. तिथे आत्या असते, गावातलं कुणीतरी असतं, खाली उतरल्यावर अहिराणी ऐकू येते. भाडंही दादरच्या मानाने पुष्कळ कमी. पण कल्याण ते सीएसएमटी चोपन्न किलोमीटर आहे आणि बदलापूर, टिटवाळा त्याच्याही पलीकडे. लोकलचा पास स्वस्त असतो, म्हणून हिशोबात तो कुणी धरत नाही. पासापेक्षा वेळ मोठा. घर ते स्टेशन रिक्षा, मग लोकल, मग बस किंवा पायपीट. जाऊन-येऊन दिवसाचे साडेतीन तास धरा. पंचवीस दिवसांचे साडेसत्याऐंशी तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर महिन्याला जवळजवळ अकरा जादा दिवस मुलगा गाडीतल्या गर्दीत उभा असतो. त्या वेळेत तो अभ्यास करू शकला असता, झोपू शकला असता, स्वतः स्वयंपाक करू शकला असता. माझं स्पष्ट मत आहे की पहिली दोन वर्षं तरी चार हजार जास्त द्यावे, तिघांनी मिळून खोली घ्यावी, पण गाडी बदलावी लागणार नाही आणि स्टेशनपर्यंत चालत जाता येईल अशीच जागा बघावी.

पहिल्या महिन्यात हाती किती रोख लागते हे घरच्यांना आधी सांगितलं पाहिजे, कारण मोडतं इथेच. धरून चालू की वन बीएचके आहे, भाडं १६,००० आणि डिपॉझिट ७५,०००. दलालाला साधारण एका महिन्याचं भाडं द्यायची रीत आहे, म्हणजे १६,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, १६,०००. शिवाय कराराचा खर्च. मुंबईत हा करार 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणून होतो आणि मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का लागतं. ते नुसत्या भाड्यावर नसतं: अकरा महिन्यांचं भाडं १,७६,०००, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज ६,८७५, मिळून १,८२,८७५, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साडेचारशेच्या थोडे वर. नोंदणी फी शहरी भागात १,०००. एकूण बेरीज १,०८,५०० च्या आसपास. तिघांत वाटली तर प्रत्येकी छत्तीस हजार, आणि त्यावर गादी, गॅस, दोन पातेली. एकट्या मुलाला पहिला पगार हाती येण्याआधी एवढे पैसे उभे करायचे असतात. शेतकऱ्याच्या घरात कापूस किंवा केळीचा पैसा त्याच महिन्यात येईलच असं नाही, म्हणून तजवीज आधीपासून हवी. जमत नसेल तर पहिले तीन-चार महिने कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरती जागा घेऊन, राहून डब्यावर भागवणं शहाणपणाचं.

करार नोंदवायचा कंटाळा करू नये. अकरा महिन्यांचा असला तर नोंदणी लागत नाही असं बरेच दलाल सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंद नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर मालक वेगळं सिद्ध करत नाही. नोंदणी आता घरबसल्या आधार आणि अंगठ्याचा ठसा देऊन होते. दोन्ही बाजू आणि दोन साक्षीदार लागतात. करारात डिपॉझिट किती आणि कधी परत, मेंटेनन्स कोण भरणार, घर सोडायची सूचना किती दिवस आधी, हे शब्दांत लिहून घ्यावं. भिंतींचे, नळांचे, पंख्यांचे फोटो राहायला जायच्या दिवशी काढून मालकाला मोबाइलवर पाठवून ठेवावेत.

'हेवी डिपॉझिट' या प्रकाराबद्दल जास्त काळजीने सांगायला हवं, कारण आपल्याकडची माणसं त्याला पटकन भुलतात. महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं. त्याऐवजी मालकाला पाच-सात लाख एकदम द्यायचे आणि घर सोडताना ते परत घ्यायचे. प्लॉट विकलेला असेल, हाती पैसा असेल, तर वाटतं की भाडं वाचलं, मुद्दलही शाबूत. प्रत्यक्षात तुम्ही अनोळखी माणसाला तारणाशिवाय कर्ज दिलेलं असतं. त्या घरावर आधीच बँकेचं कर्ज असलं आणि हप्ते थकले तर बँक घर ताब्यात घेते. तुमचं डिपॉझिट बँकेच्या हक्काच्या मागे राहतं. मालकाने पैसा धंद्यात घातला असला तर सोडायच्या दिवशी त्याच्याकडे देण्यासारखं काहीच नसतं. करायचंच असेल तर सोसायटीच्या सचिवाला भेटून घर मालकाच्याच नावावर आहे का आणि त्यावर बोजा आहे का ते विचारावं, रक्कम चेकनेच द्यावी आणि करारात पूर्ण आकडा लिहूनच नोंदणी करावी. आकडा कमी दाखवा, शुल्क वाचेल असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं.

मुंबईतल्या आणि गावातल्या घरखर्चातला फरक सरकारही मानतं. केंद्र सरकारी नोकराला घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ पगाराच्या ३०, २० किंवा १० टक्के मिळतो. मुंबई पहिल्या वर्गात, जामनेर शेवटच्या. मूळ पगार ४०,००० असेल तर मुंबईत १२,००० आणि जामनेरात ४,०००. वरच्या उदाहरणातलं भाडं त्या बारा हजारांत बसत नाही. खासगी नोकरीत तर बहुतेक वेळा एकच ठोक पगार असतो, त्यामुळे मुंबईचे तीस हजार आणि जळगावचे वीस हजार यांची तुलना भाडं आणि वेळ वजा करूनच करावी.

विकत घेण्याचं थोडक्यात सांगतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीत समजा ५० लाखांचं घर आहे. या रकमेला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४० लाख देते. उरलेले १० लाख स्वतःचे, मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे ३ लाख, नोंदणी ३०,०००. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही. बांधकाम चालू असेल तर या किमतीला ५ टक्के जीएसटी, अडीच लाख; भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, इथे ५०,०००. आईच्या किंवा बायकोच्या नावावर घर घ्यायला याहून सोपं कारण नाही. हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ३४,७०० च्या घरात बसतो, आणि वीस वर्षांत बँकेला एकूण ८३ लाखांवर जातात. जाहिरातीत 'सुपर बिल्ट-अप' असं काहीही लिहिलेलं असो, कार्पेट एरिया विचारावा. रेरा कायद्याने भाव त्यावरच सांगायचा असतो. प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते पाहावं, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नये. मागायचा त्याला अधिकारच नाही. शेत विकून हा पहिला पैसा उभा करायचा असेल तर मुलाची नोकरी दोन-तीन वर्षं टिकलेली बघावी. विकलेलं शेत परत त्या भावाला मिळत नाही.

नोकरीसाठी नव्हे तर टाटा रुग्णालयात उपचारासाठी जाणाऱ्यांना भाड्याची खोली हा मार्गच नसतो. महिन्यांचा मुक्काम आणि उत्पन्न बंद. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्यासोबतच्या माणसांना अल्प दरात जागा देते. गावातून निघण्याआधीच तिथे चौकशी करून ठेवावी.

कमी पगाराच्या माणसाला मुंबईत मालकीचं घर मिळण्याची सर्वांत खरी वाट अजूनही म्हाडाची सोडत हीच आहे. मुंबई परिसरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम. मुंबईतल्या घरांसाठी मुंबई मंडळ, कल्याण-ठाणे-विरार भागासाठी कोकण मंडळ सोडत काढतं. गावात घर असलं की अर्ज करता येत नाही असा समज आपल्याकडे पक्का आहे. म्हाडाच्या नेहमीच्या घरांसाठी अट त्या शहराच्या हद्दीत घर नसण्याची असते. जामनेरातलं वडिलोपार्जित धाब्याचं घर आड येत नाही. पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांना मात्र देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं, म्हणून जाहिरातीत कोणती योजना आहे ते आधी वाचावं. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत येते. म्हाडाने कुणालाही एजंट नेमलेलं नाही, त्यामुळे 'आतून करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. लागतं ते महाराष्ट्राच्या रहिवासाचं डोमिसाइल प्रमाणपत्र, आणि विवरणपत्र भरत नसाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, आधार घेऊन डोमिसाइलचा अर्ज मुलगा गाडीत बसण्याआधीच जामनेरच्या सेतू केंद्रात देऊन टाकावा. मुंबईत राहून गावचे कागद मागवताना सोडतीची मुदत निघून जाते.